पल्याडच्या जोंधळ्याची पहिली पाटी

बोरटाकळीच्या माणसाला परदेशात जायला आगबोट लागत नव्हती. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं की झालं. अल्याड निजामाची मोगलाई, पल्याड इंग्रजाचा मुलूख, मधे सीना नदी, आणि माघाच्या महिन्यात नदीला पाणी ते किती? पोटरी बुडेल एवढं. पण त्या पोटरीभर पाण्यानं माणसांना असं काही पिळून काढलं होतं की विचारू नका.

अल्याडचा हाली रुपया पल्याडच्या बाजारात काढला की वाणी तो दोन बोटांत धरून उन्हात बघायचा आणि परत द्यायचा. पल्याडचा कलदार अल्याड काढला तर घेणारा घ्यायचा, पण आधी विचारायचा, "कुठं हाणलास बे हा?" पल्याडचा शेर वेगळा, अल्याडचा वेगळा. पल्याडून शेरभर गूळ आणला की घरी येईपर्यंत तो शेरभर राहत नसे, आणि त्यात उंदराचा काही दोष नव्हता. हिकडचे सरकारी कागद उर्दूत, तिकडचे मोडीत. गावाला दोन्ही वाचता येत नव्हतं, तेवढीच काय ती बरोबरी. नाक्यावर नव्या लुगड्याला जकात होती, अंगावरच्या लुगड्याला नव्हती. म्हणून बाजाराच्या दिवशी बायका जुन्यावर नवं, नव्यावर आणखी एक, अशा गुंडाळून नदी उतरायच्या आणि चैताच्या उन्हात वेशीत पोचेतो त्यांचा जीव नकोसा व्हायचा. सोयरीक पल्याड, रान पल्याड, बाजार पल्याड, आणि मधे एक छप्पर टाकून सरकार बसलेलं. शिंक आली तरी नाक्यावर सांगून शिंकायचं, असलं ते जिणं.

मनकर्णाच्या वाट्याला ह्यातलं जरा जास्तच आलं होतं. तिचा जन्म पल्याडचा आणि नांदणूक अल्याडची. लग्नात बापानं चोळीबांगडीसाठी म्हणून नदीच्या काठचा काळ्या मातीचा तुकडा लेकीला दिला होता. त्यामुळं सासर एका राज्यात आणि रान दुसऱ्या राज्यात. रोज सकाळी भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन बाई इंग्रजाकडं जायची आणि दिवस कलला की निजामाकडं परत यायची. नवरा सुग्रीव बैल घेऊन पुढं, ही मागं. येता-जाता नाक्यावरचा शिपाई टोपलीतलं फडकं वर करून बघायचा. भाकरी, ठेचा, कांदा. काल जे होतं तेच आज. तरी बघायचा.

हे सगळं मनकर्णानं गिळलं होतं. तिला जे गिळता येत नव्हतं ते घरातच होतं, आणि त्याचं नाव रुक्मिणीबाई. सासू. म्हातारी हाडानं काटक, जिभेनं त्याहून काटक. सून घरात आली त्या दिवसापासून म्हातारीनं तिला नावानं हाक मारली नव्हती. हाक एकच, "अगं ए पल्याडचे!" भाकरी जाड झाली, पल्याडची रीत. कालवणात मीठ कमी पडलं, पल्याडचा हात. लेकरू रात्रभर रडलं तर पल्याडचं दूध बाधलं म्हणे. आता बोला! सुरुवातीला मनकर्णा चुलीपुढं बसून रडली. मग रडणं थांबलं आणि मनातल्या मनात उलट उत्तरं सुरू झाली, अशी एकेक सणसणीत की ऐकली असती तर म्हातारीनं अंथरूण धरलं असतं. पण ओठाबाहेर एक शब्द आला नाही. पोरं मोठी झाली, मनकर्णाच्या केसांत चांदी आली, तरी घरात ती पल्याडचीच राहिली.

त्या घराचीच काय, गावातल्या घरोघरची एक रीत होती. सुगीत मळणी झाली, वारं देऊन जोंधळ्याची रास पडली, की राशीतली पहिली पाटी देवाची. ती मापायची नाही, तोलायची नाही. खळ्यावर भरायची, घरच्या बाईच्या डोक्यावर द्यायची, आणि घरातल्या देव्हाऱ्यापुढं उतरेपर्यंत ती भुईला टेकू द्यायची नाही. तोवर घरात चूल पेटत नसे आणि घरातली थोरली बाई उपाशी बसे. पाटीतले दाणे देवापुढं ठेवून, त्यातलेच ओंजळभर जात्यात घालून, त्या पिठाची भाकरी झाली की मग सगळ्यांनी जेवायचं. मनकर्णाला ही रीत जिवापाड आवडायची. कारण वर्षातून एक दिवस तिच्या माहेरच्या मातीतलं काहीतरी तिच्या सासरच्या देवापुढं बसायचं, आणि त्या दिवशी म्हातारीसुद्धा पाटीकडं बघून हात जोडायची.

नाक्यावर आधी करीमभाई होते. जुने नाकेदार, गुडघे दुखायचे बिचाऱ्यांचे. धान्याच्या गाड्या आल्या की नजरेनं अंदाज करून ते जकात लावायचे, आणि गाव कुरकुरत का होईना ती भरायचं. पण पहिली पाटी दिसली की करीमभाई दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठायचे, आपलं बाजलं वाटेतून सरकवायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या, जाऊ द्या, देवाचं हाय." करीमभाईंची बदली झाली आणि राधाकिशन मुन्शी आले. हैदराबादकडचे, चष्मेवाले, अंगानं पापडागत. माणूस दुष्ट नव्हता हो. पण वरचा साहेब कधीही तपासणीला येईल म्हणून त्याला झोप नव्हती, आणि ज्याला झोप नाही तो दुसऱ्याला काय निवांत बसू देणार? आल्या आल्या त्यानं खुर्ची मागवली, टेबल मागवलं आणि मोठा तराजू मागवला.

त्या दिवशी सकाळी रास पुजली. सुग्रीवनं पाटी भरली, मनकर्णानं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि दोघा गड्यांनी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली. मागची सालं कोरडी गेलेली. यंदाचा जोंधळा मात्र टपोरा, मोत्यासारखा. पाटी जड होती आणि ती जड आहे ह्याचंच मनकर्णाला सुख वाटत होतं. ती नदीत उतरली, पाय चाचपत अल्याड आली आणि नाक्यापाशी न थांबता पुढं निघाली.

"ओ बाई! थांबा!" मुन्शी खुर्चीवरून उठला. "पाटी उतरवा. माल तोलून घेऊ, मग जावा."

"ही उतरवता येत न्हाई," मनकर्णा म्हणाली. "देवाची पाटी हाय. भुईला टेकत नसती."

"देवाची असू द्या. कायदा सगळ्या धान्याला आहे. देवाच्या धान्याला वजन नसतं का?"

सुग्रीव मागून आला. सुग्रीव घरात वाघ होता, निदान बैलांपुढं तरी होता, पण सरकारी माणूस दिसला की त्याची मान आपोआप खाली जायची. तो म्हणाला, "मुन्शीजी, दर सालची रीत हाय आमची. करीमभाईला इचारा पाहिजे तर."

"करीमभाई गेले," मुन्शी म्हणाला, आणि त्यानं दौतीत टाक बुडवला. नोंद तर करून ठेवू, असा विचार असावा. तो बोलत बोलत लिहू लागला. "नाव मनकर्णा. माल जोंधळा, एक पाटी. कुठला? परमुलखाचा."

"परमुलखाचा कसा?" मनकर्णा म्हणाली. "माझ्या रानातला हाय."

"रान तुमचं असेल बाई. मुलूख परका." मुन्शीनं नाक्याचा शिपाई शहादेव ह्याच्याकडं बघितलं. "ह्या बाई पण तिकडच्याच ना रे?"

शहादेव गावचाच. त्याला काय माहीत आपण काय बोलतोय! तो हसून म्हणाला, "व्हय हुजूर. त्यांची सासू त्यांना पल्याडचीच म्हणती."

"मग तसंच लिहितो," मुन्शी म्हणाला. "मनकर्णा, परमुलखातली."

मनकर्णाच्या पायाची आग मस्तकाला गेली. घरात सासू म्हणत होती तोवर ती घरातली गोष्ट होती. आज ती सरकारदरबारी चढली. उद्या ह्याच वाटेनं बाकीच्या गाड्या येतील, पुढच्या साली पुन्हा येतील, आणि दर खेपेला कुणीतरी टाक बुडवून लिहील की ही बाई इथली नाही, हिचं धान्य इथलं नाही. पोरं बोरटाकळीत जन्माला घातली, सासरा ह्या हातांनी न्हाऊ-माखू घालून पोचवला, घरातली एकेक भिंत ह्या हातांनी सारवली, आणि परमुलखातली? तिनं पाटीला दोन्ही हात लावले, मान ताठ केली आणि ती नाक्याच्या मधोमध उभी राहिली.

"न्हाई उतरवणार," ती म्हणाली. "आन माघारीबी जाणार न्हाई."

"मग उभ्या राहा," मुन्शी म्हणाला आणि खुर्चीत बसला.

आता उभं राहणं म्हणजे काय खेळ नव्हे. ऊन चढलं. चुंबळीखालून घाम निघाला तो भुवयांवरून डोळ्यांत. मान अवघडली, खांद्यांत कळा यायला लागल्या. सुग्रीव तिच्याभोवती घुटमळत होता. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "ठेव की गं जराशी. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मनकर्णा म्हणाली. "तुमी घरला जावा आन आत्याबाईंना सांगा, उशीर होईल म्हणून. उपाशी बसल्यात त्या."

सुग्रीव गेला. जाताना वेशीत जो भेटेल त्याला त्यानं रडगाणं सांगितलं असणार, कारण थोड्याच वेळात केशरबाई ढांगा टाकत आली. केशरबाई शेजारीण, तिचंही रान पल्याड, आणि दोघींचं सांडपाण्यावरून वर्षभर भांडण. आली ती मुन्शीकडं न बघता थेट मनकर्णापुढं उभी राहिली आणि डोक्यावर पदराची चुंबळ करून म्हणाली, "आन हिकडं. पाण्याचं भांडण नंतर बघू."

डोक्याला डोकं लावून पाटी हिच्यावरून तिच्यावर सरकली. एक दाणा सांडला नाही. मनकर्णानं मान फिरवून बघितली, ती अजून जागेवर होती. मग दुसऱ्या बायका आल्या. आज हिची पाटी तोलली तर उद्या आपली तोलणार, एवढं कळायला शाळा लागत नाही. कुणी धुणं तसंच टाकून आली, कुणी लेकरू कडेवर घेऊन. छबुबाई आली, ती येतानाच मुन्शीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काय गं, म्हसराला चष्मा लावला की त्याला कडबा जास्त दिसतो का?" बायका फिसकन हसल्या. पाटी केशरबाईच्या डोक्यावरून छबुबाईच्या डोक्यावर, छबुबाईकडून आणखी कुणाकडं. नाक्याच्या पुढंही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती.

मुन्शीची पंचाईत झाली. पाटी सोडावी तर तपासणीत नोकरी जाणार. ओढून घ्यावी तर बाईमाणसाच्या अंगाला हात लावल्याचा बोभाटा. वैतागून त्यानं शहादेवला हुकूम केला, "जा, ती पाटी उतरवून घे."

शहादेव दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. पाटी त्या वेळी नेमकी ताराबाईच्या डोक्यावर होती. ताराबाई म्हणजे त्याचीच बायको. ती कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडं बघत होती, आणि ते बघणं चांगलं नव्हतं.

"हुजूर," शहादेव म्हणाला, "तुमची चाकरी मी इमानानं करतो. पण संध्याकाळी मला घरी भाकरी खायची हाय."

बायका एवढ्या हसल्या की पाटी हलली आणि ताराबाई ओरडली, "हसवू नका गं, सांडंल!" मुन्शीलाही हसू आलं असावं, पण त्यानं ते चष्म्याआड दाबलं. तो उठला आणि नाक्यापुढच्या कडुलिंबाखाली येऊन वर बघत उभा राहिला. चांगली जाड फांदी होती. आणि मग त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की जणू त्याला बढतीच मिळाली.

"शहादेव, तराजू इथं टांग," तो म्हणाला. "फांदीला. पारडं वर राहील. पाटी डोक्यावरून सरळ पारड्यात, पारड्यातून सरळ डोक्यावर. जमिनीला लागणार नाही. झालं? देवाचं राहिलं, सरकारचं पण राहिलं."

शहादेवनं तराजू टांगला. पारडं अधांतरी झुलायला लागलं. केशरबाई मनकर्णाच्या कानाशी लागली, "दे की गं आता. भुईला न्हाई टेकत. कशाला ताणायचं उगं?"

मनकर्णा ताराबाईपुढं गेली आणि पाटी पुन्हा आपल्या डोक्यावर घेतली. सगळ्यांना वाटलं, चालली पारड्याकडं. ती जागची हलली नाही.

"मुन्शीजी," ती म्हणाली. "भुईला टेकली तरी तोलू देणार न्हाई आन न टेकली तरी देणार न्हाई. रीत रीत म्हणून उगं सकाळपासनं आडोसा केला मी. खरं सांगते. बाकीची रास उद्या आणीन, तुमी तोला, काय जकात निघंल ती भरीन, आजवर भरलीया. पण ही पाटी माझ्या घरच्या देवाला चाललीया. हिला परमुलखाची म्हणून लिहून घेणार आन मला परमुलखातली म्हणून लिहिणार, ते मला मान्य न्हाई. उभा जन्म ऐकत आले मी ते. आता न्हाई ऐकायची."

बोलून झालं आणि तिची तिलाच भीती वाटली. एवढं ती कुणापुढं कधी बोलली नव्हती. आणि बोलली तीही अशा वेळी, की मागून सुग्रीवचा हात धरून रुक्मिणीबाई चालत आली होती आणि सगळं ऐकत उभी होती.

म्हातारी उपाशी होती, उन्हातून आली होती आणि रागानं लाल झाली होती. राग कुणावर, हे सांगायला नको. घरातून निघतानाच तिनं सुनेसाठी शिव्या जमवून आणल्या होत्या. "काय तमाशा मांडलाय गं ह्यो?" ती कडाडली. "देव उपाशी बसलेत आन तू हितं नाक्यावर गावजत्रा भरवलीस?"

मुन्शीला जरा धीर आला. आपल्या बाजूनं बोलणारं पहिलं माणूस भेटलं, असं त्याला वाटलं. "आजी, तुम्हीच समजवा ह्यांना," तो म्हणाला. "परमुलखातला माल आहे, परमुलखातली बाई आहे, कायद्यानं तोलायला नको का?"

म्हातारीनं मान वळवली. "कोण परमुलखातली?"

"ह्या. मनकर्णाबाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे आजी. तुम्ही स्वतःच म्हणता म्हणे, पल्याडची."

रुक्मिणीबाई मुन्शीकडं बघत राहिली. कुणीतरी तिच्या तोंडातला घास काढून तिलाच दाखवावा तसं तिचं तोंड झालं. मग ती एकेक पाऊल टाकत टेबलापाशी गेली.

"मी म्हणते," ती म्हणाली. "व्हय, म्हणते मी. दिवसातनं धा येळा म्हणते. माझी सून हाय ती. माझं तिचं काय असंल ते माझ्या घरात असंल. तू कोण रे तिला तसं म्हणणारा? तुझ्या आईला तुझी आजी काय म्हणायची ते मी सरकारात लिहून ठिवू का?"

"आजी, तसं नाही..."

"तसंच हाय! घरातलं बोलणं उचलून चोपडीत घालतोस? काल आलेला माणूस तू, तू ठरवणार व्हय, माझ्या घरातलं कोण आन भाईरलं कोण?" म्हातारीला धाप लागली. ती वळली आणि सुनेपुढं येऊन तिनं डोक्यावर पदर सारखा केला. "आन ती हिकडं."

"आत्याबाई, लई जड हाय," मनकर्णा म्हणाली. "तुमच्या मानेला झेपायची न्हाई."

"माझ्या मानेचं मी बघीन. आन म्हणते ना!"

मनकर्णा वाकली. दोघींची कपाळं जवळ आली, इतकी जवळ की म्हातारीचा श्वास तिच्या तोंडावर लागला. पाटी सरकली. म्हातारीची मान आत गेली, गुडघे वाकले, पण ती उभी राहिली. आणि चालायला लागली, तराजूच्या बाजूनं नव्हे, गावाच्या बाजूनं.

मुन्शी धावत आडवा आला. "आजी, ऐका. मी हुकमाचा चाकर. माझी नोकरी जाईल."

"लिही मग," म्हातारी म्हणाली. "लिही की रुक्मिणी नावाच्या म्हातारीनं पाटी नेली, न तोलता नेली, आन हाटकून नेली. इचारायला येतील त्यांना माझं घर दाखव. सरक. ओझं हाय डोक्यावर."

मुन्शी सरकला नाही. म्हातारी थांबली. आणि थांबली तिथंच तिची मान लटपटली. पाटी एका बाजूला कलली. मागं बायकांच्या तोंडून "आई गं!" निघालं, मनकर्णा पुढं झेपावली, पण सगळ्यांत जवळ होता मुन्शी. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि त्यानं पाटी खालून धरली. त्यानं काही विचार केला नव्हता. समोर म्हातारं माणूस ओझ्याखाली कललं की हात जातातच. क्षणभर सगळा भार त्याच्या हातांवर आला. चष्मा नाकावर घसरला.

रुक्मिणीबाईनं पाटीखालून त्याच्याकडं बघितलं.

"कळलं वजन?" ती म्हणाली. "मग लिही, आन सोड."

मुन्शीनं पाटी तिच्या डोक्यावर नीट बसवली. हात काढले. आणि तो वाटेतून बाजूला झाला. घसरलेला चष्माही त्यानं वर केला नाही, तसाच उभा राहिला.

म्हातारी पुढं, एका बाजूनं सुग्रीव, दुसऱ्या बाजूनं मनकर्णा पाटीला हात लावून, आणि मागं बायकांचा घोळका. गावात शिरताना केशरबाईनं अशी काही आरोळी ठोकली की कुत्री भुंकायला लागली. घरी देव्हाऱ्यापुढं पाटी उतरली तेव्हा दिवस कलला होता. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. मनकर्णानं देवापुढं दाणे वाहिले, हात जोडले, ओंजळभर जोंधळा जात्यात घातला. चूल पेटली. पहिली भाकरी तव्यावरून उतरवून तिनं सासूपुढं ठेवली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि स्वतः समोर बसली.

म्हातारीनं तुकडा मोडला. "जाड झालीया," ती म्हणाली.

सुग्रीव दाराशी बसून पाय धूत होता. तो हसला. त्याला वाटलं, झालं, सगळं जागच्या जागी आलं.

"आत्याबाई," मनकर्णा म्हणाली.

"काय?"

"आज तुमी आलात. तुमी नसता आलात तर मी अजून तिथंच उभी असते. ते मी मरेपर्यंत इसरायची न्हाई." हातांना अजून पीठ लागलेलं होतं, ते तिनं पुसलं नाही. "पण एक सांगते. त्या मुन्शीला म्हणू दिलं न्हाई मी. आता तुमीबी म्हणू नका."

सुग्रीवच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रुक्मिणीबाईच्या तोंडात घास होता, तो ती चावत राहिली, आणि एवढा एक घास चावायला किती वेळ लागावा! तिच्या डोळ्यांत राग आला, तो मनकर्णानं बघितला, आणि ह्या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. मनात उत्तरंही जुळवली नाहीत. जे सांगायचं होतं ते तोंडानं सांगून झालं होतं.

"मग काय म्हणू?" म्हातारीनं शेवटी विचारलं.

"नाव हाय मला."

रुक्मिणीबाईनं दुसरा तुकडा मोडला. लोण्याला लावला. खाल्ला. भाकरी जाड होती तरी ती अर्धीअधिक संपवली, पदरानं तोंड पुसलं, आणि भिंतीकडं बघत म्हणाली,

"मनकर्णे, पाणी दे."